आहेराची वही आणि चूलबंद आवतण

कोल्हापुरात लग्नाची पहिली पत्रिका अंबाबाईपुढं ठेवायची आणि दुसरी कुलदैवताला, म्हणजे बहुतेकांच्या घरी जोतिबाला. इथवर सगळं एकमतानं होतं. घरात आवाज चढतो तो तिसऱ्या पत्रिकेपासून. "त्यांना नुसतं फोनवर कसं सांगायचं? आपल्या थोरल्याच्या लग्नात त्यांनी भर पेहराव केला होता!" पाहुणे कोण, हा प्रश्न या घरांत आवडीनिवडीचा कधी नव्हताच. तो देण्याघेण्याचा होता.

खेड्यात पूर्वी यादी करायची पद्धतच नव्हती. आवतण तोंडी असे आणि पुष्कळ गावांत नाभिक ते घरोघर सांगत फिरे. खरा फरक आवतणाच्या प्रकारात होता. 'घरटी एक' म्हणजे उंबऱ्यामागं एक माणूस. 'चूलबंद' म्हणजे अख्खं घर जेवायला, त्या दिवशी तिथली चूल पेटायची नाही. भावकीला चूलबंद, गावकीला घरटी एक, असा साधारण हिशेब. एखाद्या चुलत्याला चुकून घरटी एक गेलं, तर त्याचा रुसवा पुढच्या पिढीलाही पुरे.

आवतण मुद्दाम टाळणं मात्र चूक नव्हती, ती शिक्षा होती. ज्याला वाळीत टाकलं, त्याच्या दारात आवतण यायचं नाही आणि त्याच्या मांडवात कुणी जायचं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही शिक्षा किती चिवट होती ते कळतं. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला.

या साच्याला धक्के बसले तेही आठवावेत. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह पुण्यात अगदी थोडक्या खर्चात लागला. १९११ मध्ये समाजाची शाखा कोल्हापुरात निघाली आणि १९१९ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. लग्न कायदेशीर झालं, पण भावकीनं मांडवात यावं असा हुकूम कुठला राजा काढणार? अशा लग्नांत अक्षता टाकायला कोण येतं, हा प्रश्न आजही काही घरांत दबक्या आवाजातच निघतो.

मग सहकार आला. जिल्हा दूध संघ १९६३ चा. गावोगावच्या दूध संस्था, सेवा सोसायट्या, साखर कारखाने यांच्याबरोबर पाहुण्यांची एक नवी जात तयार झाली: संचालक, चेअरमन, गटाची माणसं. शहरात पेठेतल्या तालमीची पोरं. पत्रिकेवर नातलगांच्या नावांखाली 'प्रमुख उपस्थिती'चा रकाना वाढत गेला. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून छापून आलेल्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागलेली घरं मला माहीत आहेत.

या सगळ्याचं दप्तर म्हणजे आहेराची वही. कुणी टॉवेल-टोपी दिली, कुणी साडी, कुणी अकरा रुपये, सगळं ओळीनं लिहिलेलं. पुढच्या लग्नाला हीच वही उघडायची आणि तीच यादी. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची रीत आली तेव्हा मानपान कमी झाला खरा, पण वही गेल्यामुळं यादी कशावरून करायची हेच कळेना. मंगल कार्यालयवाला आता ताटामागं पैसे मोजतो, त्यामुळं चूलबंद आवतण कुणाला झेपत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरच्या 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' या ओळीनं घरटी किती, ते काही उलगडत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळं सरकारनंच संख्या ठरवून दिली: पंचवीस माणसं, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. कित्येक यजमानांनी त्या वेळी वरकरणी हळहळत मनात सुटकेचा श्वास सोडला. पण निर्बंध उठताच घरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. वहीतली माणसं राहिली होती ना बोलवायची.