उंचीची भीती आणि लांबत जाणारा जिना

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) स्कॉटी हा सॅन फ्रान्सिस्कोचा माजी पोलीस गुप्तहेर घंटाघराचा जिना चढता चढता खाली बघतो आणि जिन्याचा तळ त्याच्या डोळ्यांदेखत खोल खोल जातो. कॅमेऱ्याची करामत म्हणून हे दृश्य सोडून देऊ नये. उंचीला घाबरणाऱ्याला खरंच काय दिसतं, याच्या ते फार जवळ जातं.

कॅमेरा पुढे न्यायचा आणि त्याच वेळी झूम लेन्सने दृश्य रुंद करत जायचं. पुढे गेल्याने जवळची वस्तू जेवढी मोठी दिसायला हवी, तेवढीच झूममुळे लहान होते. म्हणजे आहे तशी राहते. मागचं मात्र सगळं झपाट्याने दूर सरकतं. आपल्या डोळ्यांना झूम नाही, त्यामुळे मेंदू असल्या दृश्याला सरावलेलाच नसतो. कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स यांनी हे जमवलं. खऱ्या उंचीवर चित्रण करायचं तर ५० हजार डॉलर लागणार होते. जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून काम १९ हजारांत झालं.

आता शरीराकडे वळू. उभे असताना आपण सतत किंचित डुलत असतो. डोकं २ सेंटिमीटर हललं, तर १ मीटरवरची वस्तू नजरेत साधारण १ अंशाने सरकते आणि मेंदू तोल सावरतो. २० मीटर खालची जमीन त्याच्या विसाव्या भागाइतकीच सरकते. डोळ्यांची मदत अशी तुटते, म्हणून गच्चीच्या कडेला धडधाकट माणसाचेही पाय लटपटतात आणि कठड्याला हात लागला की जीव भांड्यात पडतो.

भीती त्यात भर घालते. जीनिन स्टेफानुची आणि डेनिस प्रॉफिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सज्जात उभं करून खालच्या अंतराचा अंदाज विचारला. तो खऱ्यापेक्षा बराच जास्त आला, आणि घाबरणाऱ्यांचा आणखी जास्त. खालून वर बघताना तीच उंची इतकी फुगत नव्हती.

मला मात्र मिजच्या घरातला साधा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. या मैत्रिणीकडे स्कॉटी पायऱ्यांच्या स्टुलावर चढून भीती मोडू बघतो: एक पायरी, वर नजर, खाली नजर, मग पुढची. भीतीच्या अशा पायऱ्या लावून, शरीर सैल ठेवत एकेक पार करण्याची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी त्याच १९५८ साली पुस्तकातून मांडली. आजचे उपचारही पायरीपायरीनेच जातात. स्कॉटी वरच्या पायरीवरून खिडकीबाहेरचा रस्ता बघतो आणि कोसळतो. स्टूल त्याला वीतभर वर नेत होतं, खिडकीने एकदम कितीतरी मजल्यांची भर घातली.