किसो खोरं (जपान)

किसो खोरं म्हणजे जपानच्या मधोमध, किसो नदीने डोंगर कापून केलेली लांबट, अरुंद दरी. बहुतेक भाग नागानो प्रांतात, दक्षिणेचं टोक गिफूत. एडो काळात (१६०३ ते १८६८, शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीशांचं राज्य) एडो (आजचं टोकियो) ते क्योटो जाणारा नाकासेंदो हा डोंगरी मार्ग इथूनच जायचा, त्यावरच्या ६९ मुक्कामाच्या गावांपैकी ११ या खोऱ्यात. आज गाडीने जायचं तर नागोयाहून नागानोला जाणारा राष्ट्रीय मार्ग १९ आहे, पण खरं सांगायचं तर हा हायवे म्हणजे नदी, बोगदे आणि पुढे ट्रकच ट्रक, मजा आहे ती हायवे सोडून गावात उतरण्यात.

दक्षिणेकडून आलात की नाकात्सुगावाजवळ वळून आधी मागोमे लागतं. फरसबंदी चढ, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, एकदम जुनं वाटतं, पण १८९५ च्या आगीत गाव जळालं होतं, त्यामुळे घरं नंतरची. २००५ मध्ये हे गाव नागानोतून गिफूत गेलं. इथून छोटा घाटरस्ता खिंड ओलांडून त्सुमागोला उतरतो. जुनी पायवाट साधारण ८ किमी, आणि वाटेत अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून घंटा टांगलेल्या आहेत, येणारा-जाणारा वाजवून पुढे जातो.

त्सुमागो टिकलं ते गरिबीमुळे, असं म्हणायला हरकत नाही. १९११ मध्ये चुओ रेल्वेलाईन पूर्ण झाली, ती गावाला वळसा घालून गेली, पायी प्रवासी संपले, धंदा बसला, तरुण बाहेर पडले आणि घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. १९६० च्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनी डागडुजी सुरू केली आणि ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारी संरक्षण मिळालं. मुख्य गल्लीत विजेचे खांब दिसत नाहीत, दिवसा गाड्यांनाही बंदी, म्हणजे गाडी पार्किंगमध्ये ठेवून चालायचं.

पुढे आगेमात्सुजवळ नेझामे-नो-तोको, नदीने चौकोनी कापल्यासारखे पांढरे ग्रॅनाइटचे खडक. मग किसो-फुकुशिमा, इथे शोगुनशाहीचा तपासणी नाका होता आणि तपासणी दोनच गोष्टींची कडक: एडोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एडोतून निघणाऱ्या बायका (सरदारांच्या बायका ओलीस असायच्या ना, त्या पळू नयेत म्हणून). शेवटी तोरीई खिंडीपलीकडे नाराई, जवळजवळ १ किमी लांब गल्ली, माझ्या मते अख्ख्या खोऱ्यातली सगळ्यात देखणी.

दोन्हीकडे दिसतं ते जंगल म्हणजे हिनोकी, जपानी सायप्रस. एडो काळात 'एक झाड, एक मुंडकं' असा नियम सांगितला जायचा, म्हणजे चोरून तोडलं तर शिक्षा काय ते कळलंच. इसेचं शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला लाकूड इथलं जातं.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, भारतातलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चालतं, मात्र हिवाळ्यात बर्फाचे टायर पाहिजेतच. आणि वाटेत गोहेई-मोची खा, काडीवर थापलेला भात, त्यावर अक्रोड आणि मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) गोडसर लेप लावून निखाऱ्यावर भाजलेला, गरम असतानाच.