चिन्ह दिसलं, मग अंधार

फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. देवळाच्या जत्रेत जे मराठी नाटक होतं, त्याची संहिता दरवर्षी तेच टाइप करतात. जूनमध्ये, पहिला पाऊस कोसळत असताना, त्यांचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर गेला. स्क्रीन काळीठिक्कर. दुकानात विचारलं तर म्हणाले, ग्राफिक्स कार्ड उडालं, नवीन घाला."

"गुरुजी, चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं का?"

"दिसतं तर! खाली गोल गोल फिरतंही थोडा वेळ. मग अंधार."

एवढं ऐकूनच मला धीर आला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग. तेच उडालं असतं तर ते चिन्ह पडद्यावर आणलं कोणी?

पालखी देवळाला एकाच खांद्यावर फेरी मारत नाही. खांदेकरी बदलतात, आणि पालखी हेलकावते ती बहुतेक वेळा खांदा बदलतानाच. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावरच्या चित्राचंही तसंच असतं. चित्र कोणत्या क्षणी नाहीसं झालं हे नीट पाहिलं, तर खांदा कोणी सोडला ते कळतं. नवीन कार्डाचे पैसे मोजण्याआधी एवढं पाहणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या, म्हणजे मशीनमधल्या मुख्य पाटीवरच्या, चिपमधला प्रोग्राम आधी जागा होतो. जुन्या मशीनमध्ये तो बायोस, नव्यात यूईएफआय. पण जगातल्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या पोटात काय आहे हे त्याला कसं माहीत असणार? म्हणून कार्ड आपला छोटा प्रोग्राम स्वतःच्या चिपमध्ये घेऊनच येतं. बायोसच्या काळात त्या प्रोग्रामच्या सुरुवातीला ५५ आणि एए अशी दोन बाइटांची खूण असे. ती दिसली की बायोस म्हणे, 'आता तू चालव', आणि कार्ड स्वतःला उठवून बसवे. १९८७मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं, तेव्हापासून नुकत्याच जाग्या झालेल्या कार्डाची सर्वांना समजणारी बोली ठरून गेली: अक्षरांच्या ८० रकान्यांच्या २५ ओळी, किंवा १६ रंगांत ६४० बाय ४८० ठिपके. यूईएफआयमध्ये ही बोली आणखी सोपी झाली. कार्डाचा प्रोग्राम मेमरीतला एक पट्टा दाखवतो, त्याला फ्रेमबफर म्हणतात. तिथे आकडे लिहायचे, पडद्यावर ठिपके उमटतात. १९२० बाय १०८०चा पडदा आणि दर ठिपक्याला ४ बाइट धरले, तर हा पट्टा सुमारे ८३ लाख बाइटांचा होतो. कंपनीचं चिन्ह येतं ते इथून.

मग ऑपरेटिंग सिस्टीम येते. सुरुवातीला तीही हाच तयार पट्टा वापरते, कार्डाची ओळखपाळख नसताना. गुरुजींनी पाहिलेलं गोल फिरणारं चक्र याच पट्ट्यावर फिरत होतं. खरी कसोटी त्यानंतरची. कार्डाचा खास ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमच्या बाजूने कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढतो आणि सगळी मांडामांड नव्याने करतो: कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची (फर्मवेअरची) फाइल त्यात भरतो, मेमरी ताब्यात घेतो, मॉनिटरला विचारतो की तुला काय झेपतं, आणि त्याप्रमाणे चित्र पाठवण्याच्या वेगाची घड्याळं लावतो. हे करताना जुनं चित्र पुसलं जातं. तेवढ्यात ड्रायव्हर अडखळला तर जुनं गेलेलं असतं आणि नवीन आलेलं नसतं. मशीन मात्र आत चालूच असतं. कीबोर्डवरची नम लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावं. विझत असेल तर सिस्टीम बहुधा जिवंत आहे.

गुरुजींच्या मशीनवर भाच्याने उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम घातली होती, आणि आदल्याच रात्री अपडेट झालं होतं. नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आला आणि ड्रायव्हरचं त्याच्याशी जमलं नाही. मी सुरुवातीचा ग्रब मेनू (काय चढवायचं ते निवडायची यादी) आणला, इंग्रजी 'ई'ची कळ दाबली, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत सलग लिहिला आणि एफ१० दाबलं. या शब्दाचा अर्थ साधा आहे: पडद्याची मांडणी बदलू नकोस, सुरुवातीच्या प्रोग्रामने दिलेला पट्टा आहे तसाच वापर. काही सेकंदांत चित्र आलं. अक्षरं मोठी आणि जरा फुगीर, पण नाटकाची फाइल समोर होती. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग त्याच मेनूतून जुना कर्नल निवडून सुरू केलं, तर पडदा पूर्वीसारखा. ड्रायव्हर पुन्हा बसवल्यावर नवाही चालू लागला. कार्डाला हात लावावा लागला नाही.

विंडोजमध्ये हेच काम सेफ मोड करतो. तिथेही खास ड्रायव्हर बाजूला राहतो आणि साधा चालतो. सिस्टीम पूर्ण चढूनही पडदा काळाच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढाच नव्याने सुरू होतो.

चिन्हच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे ड्रायव्हरला दोष देऊ नये. आधी केबल पाहावी. कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या भोकात खोचलेली मी किती तरी घरांत पाहिली आहे. मग वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर लागते. आणि मग कान द्यावा. बऱ्याच जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे कार्डाची तक्रार. काही नव्या बोर्डांवर शिटीऐवजी व्हीजीए लिहिलेला बारीक दिवा लागून राहतो.

गोव्यात या तक्रारीला खारा वारा कारण असू शकतो. मोरजीला समुद्राकाठच्या एका घरातलं कार्ड मी स्लॉटमधून काढलं, तेव्हा त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट साय धरली होती, आणि दोन पट्ट्यांच्या टोकाला हिरवट ठिपके होते. सोनं गंजत नाही, पण तो मुलामा फार पातळ असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत ओल पोचते, आणि मीठ ती ओल धरून ठेवतं. मशीनची वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या, कार्ड पुन्हा घट्ट बसवलं, आणि चिन्ह आलं. खोडरबराने खसाखसा घासतात, ते मला पटत नाही. सायीबरोबर मुलामाही जातो.

एकदा देवळाच्या सभामंडपात प्रोजेक्टर लावला तेव्हाही पडदा काळा राहिला होता. मॉनिटर किंवा प्रोजेक्टर आपली ओळख मूळ १२८ बाइटांच्या एका चिठ्ठीत सांगतो, तिला ईडीआयडी म्हणतात. प्रोजेक्टर मागाहून सुरू केला होता, शिवाय केबल लांबलचक. ती चिठ्ठी लॅपटॉपपर्यंत पोचलीच नसावी. आखूड केबल घेतली, प्रोजेक्टर आधी लावला, लॅपटॉप नंतर. चित्र आलं.

ऑगस्टमध्ये, चवथ तोंडावर असताना, गुरुजींचा पुन्हा फोन आला. या वेळी 'कॉम्प्युटर गेला' असं म्हणाले नाहीत.

"आज चिन्हच नाही रे. शिट्या मोजल्या मी, वहीत लिहून ठेवल्यात. एक लांब, दोन आखूड."

"गुरुजी, वायर काढून ठेवा, मी येतो," म्हटलं, आणि स्क्रूड्रायव्हर, फडकं आणि अल्कोहोलची बाटली पिशवीत टाकली.