वंशसंहाराचा इन्कार

एखाद्या मानवी समूहाचा हेतुपुरस्सर केलेला संहार घडलाच नाही, घडले ते किरकोळ होते किंवा मारले गेलेलेच त्याला जबाबदार होते, असे उपलब्ध पुराव्यांना डावलून ठसवण्याचा प्रयत्न. निष्कर्ष आधी ठरवायचा आणि त्याच्या आड येणारी साक्ष बाजूला सारायची, ही त्याची रीत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू ही वंशसंहाराची मुख्य कसोटी आहे. हेतू सिद्ध करणे अवघड असल्याने वादाचा रोख बहुधा तिकडेच वळवला जातो. ऑटोमन साम्राज्यात १९१५ पासून झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराबाबत तुर्कस्तान सरकार मृत्यू मान्य करते. मात्र ते युद्धकाळातील परिस्थितीचे बळी होते, त्यांना संपवण्याचा बेत नव्हता, अशी त्याची अधिकृत भूमिका आहे.

इन्काराची तयारी पुष्कळदा गुन्हा चालू असतानाच होते. नाझींनी १९४२ पासून सामूहिक कबरींतील प्रेते उकरून जाळायला लावली. बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष व मुलगे बोस्नियन सर्ब सैन्याने मारले. पुढे त्यांच्या कबरी यंत्रांनी खणून अवशेष दुसरीकडे नेऊन पुरण्यात आले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या कबरींत सापडली आणि डीएनए चाचणीने ती जुळवावी लागली. आप्तांना दफनासाठी देहसुद्धा एकसंध मिळू नये, हे या लपवाछपवीचे सर्वांत क्रूर फळ. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये स्रेब्रेनिकातील हत्याकांड वंशसंहारच ठरवले. तरीही आकडे फुगवल्याचा आरोप थांबलेला नाही.

आकडा सुधारणे हा इतिहासकाराच्या कामाचाच भाग असतो. आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकावर पूर्वी ४० लाख बळींचा उल्लेख होता. तो १९९० मध्ये काढला गेला आणि संशोधनाअंती तिथल्या बळींची संख्या सुमारे ११ लाख मानली जाते. इन्कार करणारे याच बदलाचा हवाला देऊन ६० लाख ज्यूंच्या संहाराचा हिशेब कोसळला असे सांगतात. तो एकूण आकडा मुळात त्या फलकावर बेतलेलाच नव्हता.

संशोधन आणि इन्कार यांतला फरक लंडनच्या उच्च न्यायालयाने ज्यूंचा संहार नाकारणारे ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्विंग यांनी केलेल्या मानहानीच्या खटल्यात २००० साली स्पष्ट केला. प्रामाणिक चुका कोणत्याही बाजूला झुकू शकतात. अर्विंग यांच्या चुका मात्र सगळ्या हिटलरला निर्दोष दाखवण्याकडेच झुकणाऱ्या होत्या.

संदर्भग्रंथांत ही कसोटी फार उपयोगी पडते. युक्रेनमधील १९३२–३३ च्या दुष्काळात स्टालिनच्या धोरणांनी लाखो माणसे मेली हे मान्य करून हेतूबद्दल वेगळे मत मांडणाऱ्या अभ्यासकाला इन्कार करणारा म्हणणे चूक आहे. उलट, न्यायालयात सिद्ध झालेल्या घटनेला ‘कथित’ हे विशेषण लावणे किंवा ‘लोक मृत्युमुखी पडले’ असे लिहून मारणाऱ्यांचे नाव गाळणे म्हणजे नोंदीतच इन्काराला जागा देणे होय. १९९४ मध्ये रवांडात हुतू अतिरेक्यांनी तुत्सी समाजाची कत्तल केली. कोणी कोणाला मारले हे न सांगणारे ‘जातीय हिंसाचार’ असे तिचे वर्णन याच प्रकारात मोडते.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत ज्यूंचा संहार नाकारणे हा गुन्हा आहे. आर्मेनियनांचा वंशसंहार नाकारल्याबद्दल स्वित्झर्लंडमध्ये झालेली शिक्षा मात्र युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१५ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली.