धुरातील विषारी रसायने आणि अग्निशमन जवानांचे आरोग्य

आग विझवताना, आणि ती विझल्यानंतरही, धुरातील वायू व काजळी जवानांच्या शरीरात जाते. त्यातून तात्काळ विषबाधा होते, तसेच कर्करोग, हृदयविकार आणि श्वसनाचे जुनाट विकार जडू शकतात.

घरात लाकूड-कापसाच्या जागी फोम, नायलॉन आणि पीव्हीसी आले, तसा धूरही बदलला. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम जळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो. पहिला वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, तर दुसरा पेशींना मिळालेला ऑक्सिजनही वापरू देत नाही. बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि जुन्या इमारतींतले ॲस्बेस्टॉस यांचे परिणाम मात्र वर्षानुवर्षांनी दिसतात.

२७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तळघरातल्या पीव्हीसी वेष्टणाच्या केबल पेटल्या. सुमारे ७०० जवान तिथे झुंजले. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि घशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल बनते. त्या दिवशी एकही जवान दगावला नाही. पुढे मात्र त्यांच्यातील कर्करोगाच्या तक्रारी अमेरिकेत दीर्घकाळ गाजल्या.

सर्वांत फसवी वेळ ज्वाळा शमल्यानंतरची. धूर विरळ दिसतो, बीए सेटचा (पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा देणाऱ्या श्वसनयंत्राचा) मास्क उतरतो आणि ढिगारा उपसायला सुरुवात होते. धुमसत्या राखेतून विषारी वायू येतच असतात. शिवाय मास्क फक्त श्वास वाचवतो. मान, जबडा, मनगटे इथल्या तापलेल्या, घामेजलेल्या त्वचेतून काजळीतली हायड्रोकार्बने आत शिरतात; मास्क लावून काम केलेल्या जवानांच्या लघवीतही त्यांचे अंश आढळले आहेत. काजळलेला पोशाख बंबाच्या केबिनमध्ये ठेवला तर परतीच्या वाटेवरही तो वायू सोडत राहतो. म्हणून पोशाख जागेवरच साबणपाण्याने धुऊन पिशवीत बंद करणे, मान-चेहरा लगेच पुसणे आणि ठाण्यात पोहोचताच आंघोळ करणे ही शिस्त आता अनेक देशांत पाळली जाते. काजळलेला पोशाख म्हणजे शौर्याची खूण, ही जुनी समजूत सोडायलाच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच मानवास कर्करोगकारक ठरवला. मेसोथेलिओमा (फुप्फुसांच्या वा पोटाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत तिला पुरेसा पुरावा मिळाला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत व कॅनडाच्या प्रांतांत जवानाचे ठरावीक कर्करोग नोकरीमुळेच झाले असे कायदा गृहीत धरतो. हे न्याय्यच आहे, कारण नेमक्या कोणत्या आगीने आजार दिला हे सिद्ध करणे जवानाला शक्य नसते.