सलग छायाचित्रण आणि मेमरी कार्डची गती

सलग छायाचित्रण : कॅमेऱ्याचे बटण दाबून धरले असता एकापाठोपाठ एक छायाचित्रे टिपली जाण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘बर्स्ट’ म्हणतात. डिजिटल कॅमेऱ्यात दर सेकंदाला किती छायाचित्रे निघतील, हे शटर, संवेदक आणि प्रोसेसर यांवर अवलंबून असते. ती किती वेळ निघत राहतील आणि थांबल्यावर कॅमेरा पुन्हा केव्हा सज्ज होईल, हे मात्र बऱ्याच अंशी मेमरी कार्डच्या लेखनगतीवर ठरते. वेगवान कार्ड घातल्याने सेकंदाला दहा छायाचित्रे काढणारा कॅमेरा बारा काढू लागत नाही. दुकानात आणि छायाचित्रकारांच्या बोलण्यातही या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, म्हणून ती आरंभीच सोडवलेली बरी.

पूर्वपीठिका : सलग छायाचित्रणाची सुरुवात सामान्यतः एडवर्ड मायब्रिज यांच्या १८७८ मधील प्रयोगापासून धरतात. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे त्यांनी धावत्या घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने मांडले होते. मात्र तेथे प्रत्येक कॅमेरा एकच चित्र टिपत होता. एकाच उपकरणाने सलग चित्रे टिपण्याचा मान त्यामुळे एत्येन-झ्यूल मारे यांच्या १८८२ मधील छायाचित्र-बंदुकीला देणे अधिक सयुक्तिक वाटते. ती सेकंदाला बारा चित्रे घेत असे. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचा रोळ संपला की मालिका संपे. रोळ स्वतःच साठवण असल्याने ‘लिहून होईपर्यंत थांबणे’ हा प्रकार तेव्हा नव्हता. तो डिजिटल कॅमेऱ्याबरोबर, आणि त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यापासून, आला. ईस्टमन कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या उपकरणाला १०० × १०० बिंदूंचे एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत.

फ्लॅश स्मृतीचा उगम : आजची सर्व प्रचलित कार्डे फ्लॅश स्मृतीवर चालतात. या स्मृतीचा जनक कोण, याबद्दल एकवाक्यता नाही. विद्युतभार तरंगत्या द्वारात, म्हणजे सर्व बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या भागात, कोंडून माहिती टिकवण्याची मूळ कल्पना डॉन काँग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. त्या तत्त्वावरील खोडता येण्याजोग्या स्मृती १९७० नंतर प्रचारात आल्या, परंतु त्या खोडण्यासाठी अतिनील किरण तरी लागत किंवा एकेक बाइट संथपणे पुसावा लागे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी स्मृतीचा मोठा भाग एकाच वेळी विजेने पुसण्याची रचना शोधली. तिच्या पेटंटचा आरंभ १९८० च्या सुमारास मानला जातो. जाहीर शोधनिबंध मात्र १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रॉन उपकरण परिषदेत वाचला गेला. पेटंटच्या अर्जापेक्षा प्रसिद्ध निबंधाची तारीख पडताळता येते, म्हणून १९८४ हेच वर्ष धरणे अधिक सुरक्षित होय. दुसऱ्या बाजूला, नॉर प्रकारची फ्लॅश चिप १९८८ मध्ये बाजारात आणली ती इंटेलने, आणि त्या आधारे काही लेखनात जनकत्व इंटेलकडे दिले जाते. उत्पादन आणि शोध यांत फरक केला तर मासुओका यांचा दावा बळकट ठरतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला नँड प्रकार तर त्यांच्याच गटाने १९८७ मध्ये मांडला. पुढे मोबदल्यावरून मासुओका यांनी २००४ मध्ये तोशिबाविरुद्ध दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

‘फ्लॅश’ हे नाव मासुओका यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले, कारण सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाणे त्यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले, असे सांगतात. योगायोग असा की, नाव ज्या गुणामुळे पडले त्याच गुणापायी कॅमेऱ्यातले कार्ड पुढे मंदावते. नँड स्मृतीत लिहिता येते ‘पान’ या लहान एककात, पण पुसता येतो तो अनेक पानांचा मिळून झालेला ‘ब्लॉक’च. अर्धवट भरलेल्या ब्लॉकमधील एक छायाचित्र काढून टाकले, तर ती जागा वापरण्यापूर्वी कार्डच्या नियंत्रकाला उरलेली पाने दुसरीकडे हलवून संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. एकेक छायाचित्र पाहून पाहून खोडण्याची सवय असलेल्यांचे कार्ड काही महिन्यांत सुस्त वाटू लागते, त्याचे हे एक कारण. कॅमेऱ्यातच फॉरमॅट करण्याचा सल्ला यासाठीही देतात. काही कॅमेऱ्यांतील ‘लो-लेव्हल फॉरमॅट’चा पर्याय या बाबतीत अधिक उपयोगी पडतो.

बफर व त्याचे गणित : संवेदकाकडून आलेले चित्र थेट कार्डवर जात नाही. प्रक्रिया होऊन ते आधी कॅमेऱ्यातील तात्पुरत्या, अतिवेगवान स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, थांबते आणि तेथून कार्डवर उतरते. वरून येणारा ओघ खालून जाणाऱ्या ओघापेक्षा मोठा असला की बफर हौदासारखा भरत जातो. भरल्यावर कॅमेरा बंद पडत नाही. बफरमध्ये जेवढी जागा मोकळी होईल तेवढीच पुढची चित्रे घेतो, आणि बटणाखालचा एकसारखा खटखटाट रखडत येऊ लागतो. ‘बफर भरला’ किंवा ‘कॅमेरा अडकला’ म्हणतात तो हा क्षण.

उदाहरणादाखल रॉ (संवेदकाची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणारे) चित्र २५ मेगाबाइटचे, वेग सेकंदाला १० चित्रांचा आणि बफर १,००० मेगाबाइटचा धरू. ओघ सेकंदाला २५० मेगाबाइट झाला. कार्ड सेकंदाला ४० मेगाबाइट लिहीत असेल, तर बफर पावणेपाच सेकंदांत भरतो आणि सुमारे ४८ चित्रे मिळतात. कार्डची गती दुप्पट करून ८० केली, तरी चित्रे होतात ५९ च. पुन्हा दुप्पट, म्हणजे १६० केली की १११, आणि २०० ला २००. २५० ला पोचल्यावर बफर भरतच नाही. मालिका कार्ड भरेपर्यंत चालू शकते. कार्डची गती वाढल्याचा लाभ आरंभी जेमतेम आणि ओघाच्या जवळ गेल्यावर एकदम मोठा असतो, ही गोष्ट किमतीचा विचार करताना सहसा ध्यानात घेतली जात नाही. बफर रिकामा होण्याच्या वेळेत मात्र प्रत्येक पायरीवर सरळ फरक पडतो : वरील बफर ४० च्या गतीने २५ सेकंदांत, ८० ने साडेबारा आणि २०० ने ५ सेकंदांत मोकळा होतो. जेपेग, म्हणजे संकुचित केलेली, चित्रे आकाराने लहान असल्याने त्यांची मालिका लांबते. तेथे कधी कधी कार्डाऐवजी प्रोसेसरच आडवा येतो.

कार्डवरील आकडे : कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणले. त्यावरील ‘१०००x’सारख्या खुणा सीडीच्या मूळ गतीच्या, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइटच्या, पटीत असत, १०००x म्हणजे १५० मेगाबाइट. एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून जाहीर केले. त्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाचा असतो, आणि बर्स्टचा वाचनाशी काहीही संबंध नाही. क्लास १०, यू३, व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणा चलच्चित्रणासाठी हमी दिलेली किमान सलग लेखनगती सांगतात. व्ही९० म्हणजे सेकंदाला किमान ९० मेगाबाइट. ही हमी खालची मर्यादा असल्याने व्ही३० खुणेची दोन कार्डे बर्स्टमध्ये एकमेकांपासून बरीच वेगळी वागू शकतात. ए१, ए२ या खुणा मोबाइलमधील अ‍ॅपसाठी आहेत. कॅमेऱ्यासाठी त्या पाहण्याचे कारण नाही.

कार्ड आणि ते बसवण्याची कॅमेऱ्यातील खाच यांपैकी जे मंद असेल त्याचीच गती मिळते. एसडी कार्डच्या यूएचएस (अल्ट्रा हाय स्पीड) या वेगवान जोडणीत यूएचएस-१ ची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आणि यूएचएस-२ ची ३१२ मेगाबाइट आहे. यूएचएस-२ कार्डला मागे पिनांची दुसरी ओळ असते. ते जुन्या खाचेत बसते आणि चालतेही, पण यूएचएस-१ च्याच गतीने. यूएचएस-१ कार्डवर १७० किंवा २०० असा आकडा दिसतो तो संबंधित कंपनीच्या खास पद्धतीचा असून तसाच कार्ड-वाचक (कार्ड रीडर) जोडल्याशिवाय मिळत नाही. दोन खाचांच्या कॅमेऱ्यात फसगत अधिक होते. २०१२ च्या कॅनन ५डी मार्क ३ मधील एसडी खाचेला यूएचएसचा आधार नव्हता, त्यामुळे तेथे मर्यादा सेकंदाला २५ मेगाबाइटची. २०१८ च्या सोनी ए७ ३ मध्ये पहिली खाच यूएचएस-२ आणि दुसरी यूएचएस-१ आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत लिहायला सांगितले, तर मंद खाच संपूर्ण मालिकेला मागे ओढते. एक्सक्यूडी (प्रथम २०१२ च्या निकॉन डी४ मध्ये) आणि नंतरची सीएफएक्सप्रेस कार्डे संगणकातील पीसीआय एक्सप्रेस जोडणी वापरतात. २०१९ च्या प्रमाणानुसार टाइप ए ची मर्यादा सेकंदाला सुमारे १,००० आणि टाइप बी ची सुमारे २,००० मेगाबाइट असून २०२३ च्या प्रमाणाने ती दुप्पट झाली.

छापील गती शेवटपर्यंत टिकतेच असे नाही. पुष्कळ कार्डे आरंभीची माहिती एका पेशीत एकच बिट भरणाऱ्या वेगवान भागात घेतात आणि नंतर ती तीन बिटांच्या दाट भागात हलवतात. वेगवान भाग भरला की गती घसरते. तापल्यावर नियंत्रक स्वतःहून गती उतरवतो, तो प्रकार यापेक्षा निराळा.

सोलापूर परिसर : येथे बर्स्टचा उपयोग मुख्यतः वारी, यात्रा आणि वन्यजीव या तीन प्रसंगी होतो. आषाढी वारीतील अकलूज, खुडूस फाटा आणि बाजीरावाची विहीर येथील रिंगणांत अश्व धावतात. गोल रिंगणात अश्व डोळ्यांसमोरून काही सेकंदच जातो, पण फेरी पूर्ण करून लगेच परततो. त्यामुळे पहिल्या मालिकेच्या लांबीपेक्षा बफर मोकळा होण्याचा वेळ येथे कळीचा ठरतो. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तो क्षण एकदाच येतो. तेथे मालिका लांब हवी, परतण्याची घाई नसते. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यातील (स्थापना १९७९) काळवीट कधी उडी घेईल याचा नेम नसल्याने वन्यजीव छायाचित्रकार छोट्या छोट्या मालिका घेतात. एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात ठेवलेल्या काळ्या कॅमेऱ्यातील सीएफएक्सप्रेस कार्ड हाताला चटका बसण्याइतके तापते, आणि वर सांगितलेली उतार-गती अनुभवास येते ती अशा वेळी.

पडताळणी : आपल्या कॅमेऱ्यात एखादे कार्ड किती टिकते, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे बटण दाबून धरून आवाज रखडेपर्यंतची चित्रे मोजणे. ती भिंगावर टोपण ठेवून करू नये. निव्वळ काळ्या चित्रात तपशील नसल्याने संकुचित फाइल लहान होते आणि मालिका खोटी लांब भरते. उलट संध्याकाळी आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) वाढवला की चित्रात उमटणाऱ्या दाण्यांमुळे फाइल फुगते व मालिका आखडते. चाचणीसाठी दाट नक्षीचे काहीतरी हवे. जकार्डवर विणलेली सोलापुरी चादर दोरीवर पसरून, दुपारच्या उजेडात तिची वीण चौकटभर येईल अशी धरली, तर मिळणारा आकडा रिंगणातल्या आकड्याच्या बराच जवळ जातो.