फोडणी दिली म्हणून शिळा भात निर्धोक होत नाही

रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीत खमंग परतला की त्यातलं सगळं मरतं, असं घरोघरी मानलं जातं. ते चूक आहे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि सिरुलाइड हे विष तयार करू शकतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं, मग कढईची काय कथा! वासावरूनही कळत नाही. काही तासांत उलट्या सुरू होतात.

फोडणीचा भात जरूर करा, मलाही तो फार आवडतो. पण कुकरमध्ये झाकलेला भात आतून तासन्‌तास कोमट राहतो. तो परातीत पसरून निववा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.